मेंढरं बसलेलं रान

‘दर वर्षी तालुक्याबाहेरून मेंढपाळ येतात आणि त्यांच्या कळपांमुळे उभ्या पिकांचं नुकसान होतं.’

हे वाक्य माझं आहे. सिंगापूरच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात काढलेल्या स्मरणिकेत ते सातव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत छापलं गेलं. ते कोणी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं आणि नंतर त्याला कोणी हातही लावला नव्हता. ते खोटं आहे हे लिहिताना मला ठाऊक होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघत होतो. आम्हाला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळून बरीच वर्षं झाली होती. स्मरणिकेच्या समितीने त्या वर्षी ‘आमचा तालुका’ असा विभाग ठरवला आणि मला विचारलं. मुंबई-पुण्याच्या एवढ्या लोकांत खरा शेतीच्या तालुक्यातला मीच, असं एकाने हसत सांगितलं. मला ते आवडलं. रोज दुपारी डबा संपवून मी खिडकीशी बसायचो. खाली धक्क्यावरून फेरीबोटी सुटत असायच्या आणि मी वहीत आमच्या कालव्याला पाणी सोडत असायचो.

लेख चांगला जमला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कालवा, ऊस, गुऱ्हाळं, गुळाच्या ढेपा, मंगळवारचा बाजार. भाजीपाला पिकवणारी माळ्यांची घरं, मडकी भाजायच्या आव्याच्या दिवसांत धुराने काळीकुट्ट होणारी कुंभारवाड्याची गल्ली, बैलांची पारख करणारी मुसलमान कुटुंबं, ज्यांच्या शब्दावर बाजारात सौदे ठरत. एकेकाला मी प्रेमाने जागा दिली. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. जुने फोटो स्कॅन करताना ती म्हणाली, “बाबा, सो नाइस प्लेस, लाह. व्हाय वी नेव्हर गो?” मी म्हटलं, जाऊ या, सुट्टीत. आम्ही शेवटचे गेलो होतो त्याला चार वर्षं झाली होती.

आमच्या तालुक्याचे दोन भाग आहेत. पश्चिमेला कालव्याखालचा, जिथले आम्ही. पूर्वेला माळ. तिथे पाऊस कमी, दगड जास्त, आणि तिथल्या धनगरवस्त्या तालुक्यात कालवा येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि मे महिन्यात परत येतात. परतताना त्यांचा मुक्काम आमच्या बाजूला पडायचा, कारण त्या दिवसांत रानं रिकामी असत आणि शेतकरी त्यांची वाट बघत असत.

आमच्याकडे याला मेंढरं बसवणं म्हणतात. संध्याकाळी रानात मेखा ठोकून वाघर, म्हणजे जाळं, लावायचं आणि दोन-तीनशे मेंढरं आत बसवायची. सकाळी रानावर लेंड्यांचा थर. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायचं. असं करत पाच-सहा दिवसांत सगळं रान खतावलं जायचं. बदल्यात आमच्या घरून जोंधळा जायचा. शेवटच्या दिवशी आई त्यांच्या बायकांच्या ओट्या भरायची. वडील सकाळी अनवाणी रानात जायचे आणि एखादं ढेकूळ हातात चुरून बघायचे. पुढे पीक उभं राहिलं की वाघर कुठवर आलं होतं ते नुसत्या रंगावरून कळायचं. तिथवरचा जोंधळा काळपट हिरवा असायचा.

हे सगळं मला माहीत होतं. मग ते वाक्य का लिहिलं? मी स्वतःला बरीच कारणं सांगून पाहिली. खरं कारण असं, की लेख वाचणारे लोक बँकांमधले, महागड्या कॉन्डोत राहणारे होते, आणि माझा तालुका मला त्यांच्यापुढे नीटनेटका, स्थिरस्थावर मांडायचा होता. उघड्यावर चूल मांडणारी माणसं त्यात बसेनात. आमच्या बाजूला चहाच्या टपरीवर त्यांच्याबद्दल जे बोललं जायचं, तेच मी शुद्ध मराठीत उतरवलं आणि पुढच्या परिच्छेदात द्राक्षांकडे वळलो.

लेखाचं कौतुक झालं. आठवड्याभरात एका तरुणाचा फोन आला. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेला इंजिनिअर, राहायला बुकित बातोकला. म्हणाला, “दादा, मी आपल्याच तालुक्याचा, पूर्वेकडचा. अजून वाचलं नाही, पण तीन प्रती घेतल्यात. माझे वडील, आबा, यायचेत महिन्याभरासाठी, त्यांना वाचून दाखवतो.” आवाजात एवढा आनंद होता, की मीही भरभरून बोललो. पूर्वेकडचा म्हणजे कुठला, हे विचारलं नाही. विचारायचं टाळलं, असं म्हणायला हवं.

पुढे तो भेटला लिटिल इंडियात, किराणा दुकानात बाजरीच्या पिठाच्या रांगेत. आबांना भात पचत नाही, म्हणाला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. लेख वाचून दाखवला का, असं मीच विचारलं.

“दाखवला. एक वाक्य सोडून.”

तो हळू आवाजात सांगत होता. त्याचे वडील मेंढके, आजोबा मेंढके. मोठा भाऊ अजून कळप घेऊन जातो. आबांना वाचता येत नाही, म्हणून लेख त्यांनी तीनदा ऐकला. माळी आले, कुंभार आले, की मान डोलवायचे. शेवटी विचारायचे, आपलं पान कुठाय? तिसऱ्या वेळी याच्याने राहवलं नाही आणि तो बोलून गेला, की मेंढक्यांचं मोठं आहे म्हणून वेगळं काढून ठेवलंय, पुढच्या वर्षी येणार आहे.

“रविवारी जेवायला या, दादा. तेवढं तुमच्या तोंडून सांगा. पुढच्या आठवड्यात जातील ते. मनात धरून बसलेत.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी येतो म्हटलं.

रविवारी मी एकटाच गेलो. बायकोने नारळाच्या वड्या दिल्या होत्या. एमआरटीच्या गाडीतून जाताना मी ते सांगायचं वाक्य घोकत होतो. हो आबा, पुढच्या वर्षी. एवढंच तर होतं. म्हाताऱ्याला बरं वाटेल, मुलाची अडचण सुटेल, मीही सुटेन.

आबा ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसले होते. पांढरं धोतर, तांबडं पागोटं, मांडीवर घडी घातलेलं घोंगडं. मुलगा शेजारी होता. समोरच्या उतारावर मशीनने गवत कापणं चाललं होतं आणि आबांचं लक्ष तिकडेच होतं. मुलाने ओळख करून दिली तेव्हा त्यांनी मला आधी तेच दाखवलं.

“पाव्हणं, आठ दिस बघतोय. एवढं गवात, आन पोत्यात भरून टाकून देत्यात. मुलखात एक मेंढरू न्हाई.”

इथे परवानगी नाही, आबा, मुलगा म्हणाला. “मेंढराला कशाला पास लागतोय,” आबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग त्यांनी माझं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. क्षणभर डोळे मिटले. विहिरीजवळचं रान का, दोन चिंचांचं? मी हो म्हटलं. तिथे त्यांचं वाघर अनेकदा लागलं होतं. एका साली त्यांची धाकटी लेक तापाने फणफणली, तेव्हा माझ्या आईने तिला चार दिवस घरात घेतलं, असं त्यांनी सांगितलं. मला ते आठवत नव्हतं. आईने कधी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या चिंचेच्या अंगाला जमीन चोपण, म्हणजे खारवट, होती, ती तीन वर्षं लागोपाठ मेंढरं बसवून कशी सुधारली, ते आबा हाताने हवेत बांध आखत समजावत होते. माझ्याच रानाबद्दल ते मला सांगत होते.

बोलणं थांबल्यावर त्यांनी घोंगडं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “आमचं पान म्हणं म्होरल्या साली हाय?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी पिशवीतून स्मरणिका काढली, सातवं पान उघडलं आणि खालून तिसरी ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा एकदा वाचली, कारण पहिल्यांदा माझा आवाज मशीनच्या आवाजात बुडाला असं वाटलं.

मुलगा खाली बघू लागला. उतारावरचा माणूस मशीन बंद करून पाणी प्यायला बसला.

“नुकसान व्हतं,” आबा म्हणाले. “एखादं मेंढरू शिरतंय पिकात. ते खरं हाय.” मग थोडं थांबून, अगदी साधेपणाने, चौकशी करावी तसं विचारलं, “तुमी किती सालानं जाता गावाकडं?”

“चार-पाच वर्षांनी,” मी म्हणालो.

“आमी दर साली येतो.”

त्यांनी मला उत्तर दिलं असं मला वाटत नाही. ते ‘बाहेरून’ या शब्दाचा विचार करत होते. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना, की आपण बाहेरचे कसे. इथे बसून त्यांनी तीनदा तालुका ऐकला होता आणि प्रत्येक वेळी आपली पाळी येईल म्हणून थांबले होते.

मी बाकावरून उठलो. त्यांच्यासमोर फरशीवर बसलो, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. आणि म्हटलं, “आबा, मुलगा तुम्हाला खोटं बोलला ते माझ्यामुळे. तुमचं पान कुठेच नाही, मी लिहिलंच नाही. तुम्ही तालुक्याचे आहात हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या रानात तुमची मेंढरं बसली म्हणून आमचं पिकलं, तेही माहीत होतं. तरी मी तुम्हाला बाहेरचं लिहिलं, कारण मला तुमची लाज वाटली. माझं चुकलं, आबा. मला माफ करा.”