कटरचं पोट

आपल्या चुकीची शरम कोणालाही वाटते, निदान वाटावी. पण दुसऱ्याच्या बैलगाडीचं चाक डुगडुगतं म्हणून भर रस्त्यात ज्याचे कान लाल होतात, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आता बोला! मी अमरावतीला शाळामास्तर. लाजणं हे नवऱ्यामुलीचं काम, असा माझा समज होता. आमच्या लग्नात मुलगी ताठ मानेनं उभी आणि बाप मान खाली घालून, कारण काय तर मांडवाचा एक खांब तिरपा! "कोनं गाडला असन जी हा?" ते माझ्या कानाशी पुटपुटले. "मले तं पाव्हन्यायकडं पाहवत नाही." खांब शेजाऱ्यांनी गाडला होता. शेजारी मजेत जेवत होते.

मामाजी, म्हणजे हे सासरे, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका कारखान्यात मिलिंग मशीन चालवायचे. मशीनच्या टेबलावर लोखंडाचा तुकडा आवळून बांधायचा, वर गरगर फिरणारा दातेरी कटर, आणि टेबल हलवायला चकऱ्या: एक आडवी नेणारी, एक मागेपुढे, एक वरखाली. हा गृहस्थ दोन हातांनी दोन चकऱ्या एकदम फिरवून लोखंडातून अंड्याचा आकार काढत असे. पण मशीनला हात लावण्याआधी कटरची सगळी वाट फरशीवर खडूनं आखायची, हे ठरलेलं. गंमत अशी की ती वाट हव्या त्या आकारावरून कधीच जात नसे. थोडी बाहेरून जाई. मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाले, "जवाईबुवा, कटर म्हंजे रेघ नाही. त्याले पोट असते. रेघेवरून नेलं तं निम्मं पोट आत घुसते अन् माल खाऊन टाकते. म्हनून निम्मं पोट बाहेर धरूनच चालाचं."

हा नियम लोखंडापुरता ठेवला असता तर मी काय म्हणणार होतो? पण ते स्वतःही निम्मं पोट सोडून चालायचे. गल्लीत भिंतीपासून, पंगतीत शेजाऱ्यापासून, सायकलवर खांबापासून. कटरला धार लावली की तो घासून बारीक होतो, मग वाटही तेवढी आत घ्यावी लागते. म्हणून तापातून उठले की दारातून जाताना हे चौकटीच्या तेवढे जवळून जात. एकदा बाजाराच्या बोळात म्हैस आडवी बसलेली. मामाजींनी खिशातून खडू काढला आणि म्हशीच्या पोटाचा अंदाज घेत जमिनीवर वाट आखायला बसले. गर्दी जमली. म्हैस कंटाळून उठून गेली, तरी यांचं आखणं संपेना! वर मालकाला हात जोडून म्हणाले, "तुमच्या म्हशीले उगाच तरास झाला, माफ करा जी." मी तेवढ्यात एका दुकानातल्या सुतळीचा भाव करायला लागलो होतो. मला सुतळी नको होती.

आणि अशा माणसाच्या हातून व्हायचं तेच झालं. कापसाचा हंगाम ऐन भरात, गावातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, इंजिनाचा कॅम तुटला. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराचं छोटं चाक; इंजिनाच्या झडपा तेच उघडतं. काम मामाजींकडे आलं. त्याच दिवशी मुंबईहून कोरा कटर आला होता. नव्या कटरच्या आनंदात त्यांनी तो चढवला आणि वाट मात्र जुन्या, घासलेल्या कटरचीच चालवली. नव्याचं पोट मोठं. केसभर लोखंड जास्त खाल्लं गेलं, आणि खाल्लेलं लोखंड परत कोण लावणार? दुसरा तुकडा नव्हता, बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या. जिनिंगच्या मालकानं तोच बसवून घेतला. इंजिन चालू झालं, मालक खूष, फक्त आत एक बारीक टकटक. झालं! त्या दिवसापासून मामाजी जिनिंगवरून जाईनात. मोर्णा नदीच्या काठानं लांबचा फेरा घालून कामावर जायचे, उन्हातान्हात, डोक्यावर टॉवेल धरून.

पुढच्या वर्षी धाकटीला स्थळ आलं. मुलगा तेल्हाऱ्याला मास्तर, स्वभावानं गोड, आणि धाकटीच्या मनात भरलेला. तिनं तसं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं होतं. पण मुलाचा बाप कोण? त्याच जिनिंगचा इंजिनवाला. मामाजींनी साफ नकार दिला. "त्या मानसाच्या कानात मी रोज टकटक करून राहिलो. आता कोन्या तोंडानं म्हनू का माही पोरगी घ्या?" धाकटी चुलीपुढे बसून रडायची, हे बाहेर ओट्यावर मान खाली घालून. माझी बायको शेवटी भडकली. "बाबा, चूक लोखंडात झाली न? मंग तिचा जलम काहून बिघडवता?" मामाजी उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चला."

इंजिनवाल्याच्या घरी चहा आला. मामाजींनी कपाला हात लावला नाही. बसल्या बसल्याच एकदम बोलून टाकलं, "तुमचं इंजिन वाजते न, ते माह्या हातानं. कटर नवं होतं, मी जुनीच वाट चालवली." मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. इंजिनवाले मात्र बशीत चहा ओतत राहिले. "मले पयल्याच दिवशी समजलं जी," ते म्हणाले. "पन तुमी उन्हात फेरा घालून जाता, ते मले इंजिनघरातून दिसते. कारखान्यात इचारलं, तं आवाजाची शरम वाटते म्हने. म्हटलं, सोयरीक कराव तं याच घरी." मामाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लग्न बुद्धविहारात लागलं, साधं आणि सुरेख. निघायची वेळ झाली, धाकटी बापाच्या गळ्यात पडली. मामाजींनी तिला हळूच सोडवलं, व्याह्यांपुढे उभी केली आणि खाली बघत म्हणाले, "पोरगी बरोबर आहे जी. तुमी काई भेव धरू नोका. हिच्यात माहा हात नाही, हिच्या मायनं वाढवली हिले."

माझी बायको तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटी रांगतसुद्धा नव्हती. तिला न्हाऊ-माखू घालण्यापासून तिच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं याच माणसानं केलं होतं, आणि एवढं सुंदर काम आपलं आहे, हे सांगायचीही त्याला शरम वाटली.