गैरहजर मुलीची जागा

वर्गात कुणी गैरहजर असलं की चौगुलेबाई दुसऱ्या मुलीला तिच्या जागेवर बसवायच्या आणि विचारायच्या, "का गं, आली न्हाईस?" बसणारीनं त्या मुलीच्या तोंडानं उत्तर द्यायचं. कुणी नुसतं "ताप आलाय" म्हटलं की बाई खेकसायच्या, "ह्यो तुझा ताप झाला. तुझं बाजूला ठेव की जरा. तिचं सांग!"

गडमुडशिंगीच्या शाळेत आम्हाला ही मोठी गंमत वाटायची. उत्तरं खरी निघायला लागली तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसली. मी विचारलं, "बाई, ह्ये भुताचं काय हाय व्हय?"

बाई हसल्या. "भूत कसलं, पोरी! रोज शेजारी बसता, सगळं दिसतं तुमाला. दिसल्यालं कळायला जागा बदलाय लागती."

नववीत माझी मैत्रीण संगीता आली नाही. बाईंनी मला तिच्या जागी बसवलं. उन्हातला बाक, पण गार लागला. तिनं त्याच आठवड्यात रिबिनी मला देऊन टाकल्या होत्या, कंपास दुसऱ्या एकीला. ते आत्ता आठवलं. डोळे चुरचुरायला लागले. तोंडातून निघालं ते माझं नव्हतंच. "डोळ्यांत गुलाल गेलाय, बाई. जोतिबावर हाय मी. मला न्या की हितनं!"

बाईंनी हातातला खडू टाकला, पोलीसपाटलांना गाडीवर मागं बसवलं आणि डोंगर गाठला. देवळामागं संगीताच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या होत्या. बाईंनी तिच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या, पण लग्न मोडलंच. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, केसांत गुलाल तसाच. "तुला कुणी सांगितलं गं?" तिनं मला विचारलं. मी तिच्या रिबिनी तिच्या हातात परत ठेवल्या. अजून अंगावर काटा येतो.

आता मी त्याच शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभा त्याच वर्गात, मुलींसमोर झाली. भाषणं संपता संपेनात. नर्स झालेली संगीता एकदम उठली आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. मला रडू आवरेना. तसंच विचारलं, "बाई, का आला न्हाईसा?"

तिनं मान वर केली. आवाज बाईंचा, तोच खेकसणारा. "माझं ऱ्हाऊ दे. मागच्या बाकावर आज कोण न्हाई?"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. एक जागा रिकामी होती. शेजारची मुलगी केसांतल्या नव्या रिबिनीशी चाळा करत बसली होती.

"कुणी दिली गं तुला?" मी विचारलं आणि गाडीची किल्ली उचलली.