रशीद चाचा आणि माझ्या पोवळ्यांचा गॅस

रशीद चाचा काल गेले. सोड्याचा गॅस कळणारा धामणगावातला शेवटचा माणूस गेला.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या धामणगाव बढे गावात गोटी सोड्याचं दुकान होतं ते यांचं. महाराष्ट्र झाला त्या सुमारास त्यांच्या अब्बांनी मशीन आणलं होतं. पुढे चाचांनी ते जन्मभर चालवलं. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि दुकानाला कुलूप लागलं.

आणि मी? कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला माणूस. बायको गेली, मुलगी पुण्यात.

तिने हट्टाने घरात समुद्री फिश टँक बसवून दिला. म्हणे, “बाबा, तुमचा वेळ जाईल.”

वेळ कसला, जीव जातो!

समुद्र कुठे, धामणगाव कुठे. मीठ कालवून घरात समुद्र करायचा आणि त्यात जिवंत पोवळी सांभाळायची. त्यांना अंग धरायला कॅल्शियम लागतं आणि पाण्यातलं कॅल्शियम सारखं संपतं. माझ्या पोवळ्यांची वाढ थांबली. मग ती बुडापासून पांढरी पडायला लागली. मुलीने मांडीवर डबा धरून पुण्याहून आणलेली ती पोवळी. मला फार वाईट वाटायचं.

म्हणून कॅल्शियम रिअॅक्टर घ्यायचं ठरवलं.

प्रकार सोपा आहे. एक उभा नळा, आत मेलेल्या पोवळ्यांचे खडे. त्यातून गॅस मिसळलेलं पाणी फिरवायचं. खडे हळूहळू विरघळतात आणि ते पाणी थेंब थेंब टँकमध्ये पडतं. गॅस कमी पडला तर पोवळी उपाशी, जास्त झाला तर सगळं पाणी आंबट.

दोन मॉडेल होती. एक ऑटोमॅटिक, म्हणजे मशीनच पाणी तपासून गॅस चालू-बंद करणार. दुसरं साधं, त्यात रोज हाताने चावी फिरवून गॅस लावायचा.

मी पंधरा दिवस वहीत तक्ते मांडले. शेवटी ऑटोमॅटिक घ्यायचं नक्की केलं. कोणीही शहाणा माणूस तेच करेल.

गॅस सोड्यात भरतात तोच, म्हणून सिलिंडर कुठे मिळेल ते विचारायला चाचांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. दुकान बंद झाल्यापासून, आणि चाची गेल्यापासून तर जास्तच, ते दिवसभर तिथेच बसायचे. कोणी सलाम केला तर मान हलवायचे, बस.

मी रिअॅक्टर समजावून सांगितला. अगदी पहिल्यापासून. मास्तरकी काही सुटत नाही.

“म्हंजे सोड्यात दगड विरघळवाचा?”

“हाव चाचा, तेच.”

“मंग इतक्या वेळचं फिरवून फिरवून काऊन सांगून राह्यले, मास्तर?”

आणि उठले. चप्पल घातली. माझ्या आधी माझ्या घरी पोचले.

टँकपुढे बराच वेळ बसून राहिले. अंगठीत घालतात ते पोवळं कधी जिवंत असतं, हेच त्यांना पटत नव्हतं. मग विचारलं, “रोज गॅस कोन पाहीन?”

‘मशीन पाहील’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

“तुमी,” मी म्हणालो.

त्याच दिवशी साधा रिअॅक्टर मागवला.

मुलगी फोनवर ओरडली, “बाबा, कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?” मी तिलाही कारण सांगितलं नाही. मनातून मात्र स्वतःवर भलताच खूश होतो. एका म्हाताऱ्या माणसाला ओट्यावरून उठवलं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. चाचांनी गॅस लावला तो गिऱ्हाइकाच्या नाकात झिणझिण्या येतील असा, एकदम कडक. दुसऱ्या दिवशी सगळी पोवळी अंग चोरून बसली.

चाचा दोन दिवस आलेच नाहीत. मी बोलवायला गेलो.

“माह्या हातानं जीव गेला असता तं?”

“चाचा, तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली मी. मले तरी कुठं समजलं?”

तेव्हा हसले. मग आले.

त्यानंतर रोज सकाळी दहाला हजर. चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत, बुडबुडे मोजणं चालू. सेकंदाला एक. त्या वेळी मी बोललो तर हात वर करून गप्प करायचे. माझ्याच घरात!

मग चहा. मग माझ्या चहाला नावं ठेवणं. मग गावातल्या साऱ्या भानगडी. जायला बारा वाजायचे.

पोवळ्याला पहिला नवा फाटा फुटला, तेव्हा त्यांनी अर्धी गल्ली बोलावून दाखवला. “हे माह्या गॅसचं हाये,” म्हणाले. मुलीच्या पोवळ्याचं, माझ्या टँकचं नावसुद्धा काढलं नाही.

अशी चार वर्षं गेली.

यंदा गुडघे फारच दुखायचे. तरी भिंतीला धरून धरून यायचे. मी म्हणायचो, “चाचा, एखाद दिवस राहू द्या.” ते म्हणायचे, “गॅसचा भरोसा नसते मास्तर.”

काल कब्रस्तानात माती देऊन परत येत होतो. त्यांचा मुलगा अन्वर सोबत चालत होता. तो म्हणाला, “सर, एक सांगू? ऑटोमॅटिक मशीन भेटते हे अब्बाले ठाऊक होतं. दोन सालाआधी मीच मोबाईलवर दाखवलं. म्हटलं, सरले घ्याले लावा, तुमचे गुडघे दुखतेत.”

“मंग?”

“मले म्हणे, ‘चूप बस बे. मी नाही गेलो तं त्या मास्तरच्या घरी दिवसभरात कोन जाते?’”

मी तिथेच थांबलो. अन्वर पुढे चालत गेला.

कोणीच येत नाही, चाचा. तुम्ही बरोबर ओळखलं होतं.

आज दहा वाजता मीच खुर्ची ओढून बसलो आणि बुडबुडे मोजले. तीनदा चुकलो. मग चहा केला, तर सवयीने दोन कप झाला.

चाचा, तुमच्यावर उपकार करतोय असं मी चार वर्षं समजत होतो. माफ करा.

शेवटचा सलाम.