माय चार दिवस काय खायची

माय बाहेरची झाली की आमच्या घरची चूल माझ्याकडे यायची. मी तेव्हा अकरा वर्षांची. घरात बाबा, माय, मी आणि बाबांची विधवा आत्या, एवढीच माणसं. आत्याचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. ती चुलीपासून हातभर अंतरावर बसून हुकूम सोडायची आणि मी भाकरी थापायची, म्हणजे नकाशे काढायची. तेच जळके नकाशे आणि वर मिरचीचा ठेचा, हे मायचं चार दिवसांचं जेवण.

बाकी सगळं बंद. आत्याच्या मते गूळ गरम, तीळ गरम, अंडं तर विचारूच नका. गरम खाल्लं की अंगावरून जास्त जातं. ताक थंड, त्यानं पोट दुखतं. गरम नको, थंडही नको, मग खायचं काय? मायला तसंही फार जायचं, सहासहा दिवस थांबायचं नाही, आणि जितकं जास्त जाई तितकं आत्या तिच्या ताटातलं आणखी काढून घेई.

या दिवसांत खेड्यातल्या बायांना निदान आराम तरी मिळायचा, असं कुणी शहाणं म्हणालं की माझं डोकं फिरतं. चूल नाही म्हणून माय उजाडताच वावरात जायची. लोणच्याला तिचा विटाळ, पापडाला विटाळ, माठातल्या पाण्याला विटाळ. कापसाला मात्र कधी झाला नाही. कमरेला झोळी बांधून ती दिवसभर वेचायची आणि संध्याकाळी अंगणात वेगळ्या ताटलीत जेवायची. ताटलीत भाकर मी वरून टाकायची, हात लागू नये म्हणून.

एका वर्षी वेचता वेचता ती कापसाच्या दोन ओळींमधल्या तासातच पडली. गावात नर्सबाई यायची, तिनं मायच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि बाबांवर ओरडलीच. ‘‘रक्त नाही हो या बाईच्या अंगात! गूळ-शेंगदाणे द्या, तीळ द्या, अंडं द्या, पालेभाजी द्या. पाळीत तर मुद्दाम द्या.’’ वर रक्तवाढीच्या गोळ्याही दिल्या. गोळ्यांनी मायला शौचाला काळी व्हायला लागली. आत्या म्हणाली, ‘‘आतून जळून राह्यली थे. बंद करा.’’ गोळ्या बंद झाल्या.

घरात गूळ नव्हता असं नाही. ती बोंडअळीची वर्षं. बाबा पाठीवर पंप घेऊन पुन्हा पुन्हा फवारायचे, आणि फवारणाऱ्यानं गूळ खाल्ला की विष उतरतं असं सारा गाव मानायचा. म्हणून बोरी अरबच्या बाजारातून आणलेली गुळाची भेली फक्त बाबांसाठी असायची. एका संध्याकाळी मी तिचा तुकडा फोडला आणि पळसाच्या पानावर घालून मायच्या ताटलीशेजारी ठेवला.

‘‘हे तुह्या बापाचं व्हय,’’ माय म्हणाली. ‘‘त्याले विषात जा लागते.’’

‘‘अन् तुले?’’

‘‘मले काय होते?’’

तिनं तुकड्याला बोट लावलं नाही. लावलं असतं तर तो परत भेलीजवळ ठेवता आला नसता, एवढंच तिच्या डोक्यात. खा म्हणून मी हट्ट धरायला हवा होता. मी मुकाट्यानं पान उचललं आणि तुकडा आत नेऊन ठेवला. त्याचा मला आजही राग येतो, आणि तो आत्यावर नसतो.

दोन वर्षांनी शहरात नेऊन मायची पिशवी काढली. पस्तिशीचीही नव्हती ती. घरी आणून तिला भिंतीला टेकवून बसवलं. आत्या म्हणाली, ‘‘सुटली एकदाची. आता तिले कधी बाजूले बसा लागत नाही.’’ बाबा हसले, अगदी मोकळेपणानं, मनात काही वाईट नसताना. ‘‘आता महिन्याचे तीसही दिवस धड भाकर भेटन,’’ म्हणाले.

माय त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. माझी चूल सुटली होती. मला आनंद झाला होता, आणि तो तिनं माझ्या तोंडावर पाहिला.