हळदीची तारीख

"कशावरून, आबा?" असं म्हणून ती मान वाकडी करायची. मी म्हणावं, उद्या आभाळ येणार. "कशावरून?" मी म्हणावं, ह्या रानात ओल टिकत न्हाई. "कशावरून?" मी चौथी शिकलेला माणूस, पण शिरड शहापूरच्या अंगाला आमचं गाव आहे तिथं हळदीत मला उलटं विचारणारा कुणी नव्हता. फार राग यायचा.

तुमच्याही शिवारात अशी पोर आली असेल, तर ओळखाल. पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात पाटीएवढा टॅब. शेताशेतातली माहिती गोळा करायची, कॉम्प्युटरवर तिचा मेळ घालायचा आणि पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं ते आमच्या मोबाईलवर कळवायचं, हे तिचं काम. साखऱ्याकडच्या कोरडवाहू घरातली. तिच्यासारख्या चार पोरी हिंगोलीत खोली करून राहायच्या.

एकदा माझ्या हळदीत उकिडवी बसून पानं मोजत होती. मी म्हणालो, "पोरी, पानं मोजून पोट भरतं व्हय?"

"भरतं की आबा. वर भावाचं कॉलेजबी होऊन राहिलं."



मग तिनं लागवडीची तारीख विचारली. बांधावर चार माणसं उभी होती. मी छाती काढून सांगितलं, "अक्षय तृतीया!" आमच्यात त्या दिवशी मुहूर्ताचे पाच कंद लावतात. बाकीचं रान मृग लागल्यावर, माणसं मिळतील तसं. पण उशिरा लावली म्हणायला कमीपणा वाटतो. माझं ऐकून त्या चौघांनी तीच तारीख सांगितली, मग गावानंही. त्या दिवशी मात्र ती कशावरून म्हणाली न्हाई. आबा बोलले म्हणजे खरं, असं धरून लिहून घेतलं.

पौषात मेसेज आला, हळद पक्व झाली, पाणी तोडा. गावानं पाणी तोडलं. आठ दिवसांनी मी एक गड्डा उकरला. कंद कोवळा. साल नखानं निघत होती. मला तिथंच उमगलं, ही माझी खोटी तारीख बोलून राहिली.

बाकीच्यांचीबी हळद कोवळीच निघाली. मारुतीच्या पारावर गाव जमलं. तिचे साहेब आले होते.

"आमची हळद वाळवायला आली व्हय बाई?" ज्यांनी तारखा दिल्या होत्या, तेच मोठ्यानं ओरडत होते.

साहेबांनी विचारलं, "तारखा कुणी घेतल्या?"

"मी घेतल्या. पडताळून पाहायला पाहिजे होत्या. चूक माझी." ती म्हणाली. आवाज बराबर होता.

मी उठलो. "आजच पाणी चालू करा. अजून दीड महिना पाहिजे हळदीला."

सगळे माझ्याकडं वळले. तीही. हळूच म्हणाली, "कशावरून, आबा?"

खरं सांगायला पोरीनं दार उघडून दिलं होतं. साऱ्या गावाचे डोळे माझ्यावर. 

"पन्नास वर्षं हळद लावून राहिलो, त्याच्यावरून!"

लोक हसले. तिनं टॅब पिशवीत घातला. साहेब तिला म्हणाले, "उद्यापासून इथं यायचं काम नाही." फाट्यापर्यंत ती चालत गेली. पारापाशी पाच मोटारसायकली उभ्या होत्या, त्यात एक माझ्या पोराची. कुणी सोडतो म्हणलं न्हाई. मीबी न्हाई.

पाणी वेळेवर गेलं, हळद चांगली निघाली. गावानं मला फेटा बांधला. घरी येऊन तो सोडला तरी कपाळाला काच जाणवत राहिला. परवा न राहवून मी त्याच पारावर उभा राहिलो आणि सांगितलं, "तारीख मी खोटी दिली होती. पोरीची चूक न्हाई."

माझ्यामागून तारीख सांगणारे एकमेकांकडं पाहायला लागले. मग त्यातलाच एक उठून माझ्या पाया पडला.

"आबा, केवढं मोठं मन तुमचं! त्या पोरीचा दोष अंगावर घेऊन राहिले!"

"अरे, खरंच हाय ते!" मी ओरडलो.

ते आणखीच माना डोलवायला लागले.