बाबनरावांची भट्टी आणि कॉलनीचं सोनं

बाबनरावांनी बत्तीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळला आणि बत्तीस वर्षं राख खाल्ली. चहात राख, दोरीवरच्या बनियनवर राख, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतही राख. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, आता आराम करा. बाबनराव घरी आले, शाल पेटीत टाकली, नारळ फोडून खाल्ला आणि महिन्याभरात परसात स्वतःची भट्टी बांधली.

भट्टी म्हणजे जुन्या लोखंडी कपाटाचं धूड. आत अग्निविटा, विटांच्या खाचांत विजेवर तापणाऱ्या तारेची वेटोळी, वर तापमान दाखवणारा काटा. बायकोची, रुख्माबाईंची, पापड वाळवायची जागा भट्टीने पहिल्याच दिवशी गिळली.

"मेल्यावर तं जायचंच हाये भट्टीत," रुख्माबाई म्हणाल्या, "तुमाले एवढी काय घाई होऊन राहिली?"

घाई भूपेशने लावली होती. भूपेश म्हणजे मुलगा, हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जाणारा. एकदा जेवता जेवता त्याने बापाला फोनवर एक बाई दाखवली, कुठल्या तरी थंड देशातली. ती दोन काचांच्या मधे झाडाचं पान ठेवी आणि भट्टीत घाली. काच मधासारखी मऊ होऊन एकजीव होई. पान जळे, पण जात नसे. त्याची राख काचेच्या पोटात जशीच्या तशी राही, शिरेन् शीर. बाबनरावांनी ते सात वेळा पाहिलं. भाजी गार झाली. इतकी वर्षं आपण राख पायाखाली तुडवली, आणि तिच्यात शिरा असतात हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचा त्यांना मनापासून राग आला.

मग लकडगंजच्या काचवाल्याकडून खिडक्यांचे उरलेले तुकडे यायला लागले. पानं रुख्माबाईंच्या पाट्याखाली आठ-आठ दिवस दाबून वाळायला लागली. पहिल्या वर्षी नुसते बुडबुडे आले. पान ओलं राहिलं की काच फुगे, भट्टी घाईने उघडली की तडकन् जाई. बाबनराव शिकले. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस भट्टीचं दार उघडायचं नाही, आतल्या काचेला आपल्या मनाने निवू द्यायचं. तोवर ते दाराशी खुर्ची टाकून बसत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.

शहरातली माणसं काचेत गुलाब करतात, मोर करतात. बाबनराव करायचे गाजरगवत. नाल्याकाठची बेशरम, कडुनिंबाची किडकी डहाळी, नाकतोडा, एरंडाचं भोक पडलेलं पान. एका पानासोबत मुंगी भाजली गेली आणि काचेत पाय पसरून राहिली, तर त्यांनी तो तुकडा बैठकीत टांगला. लग्नाकार्यात ते हीच पानं आहेर म्हणून देत. लोक हसून घेत. एकदा एका पुतणीच्या लग्नात दिलेली एरंडाच्या पानाची तबकडी चार लग्नं फिरून, नवा कागद गुंडाळून, भूपेशच्या लग्नात त्यांच्याच घरी परत आली. बाबनरावांनी ती उजेडात धरली, कौतुकाने पाहिली आणि म्हणाले, "चार घरी जाऊन आली, पण टवका उडाला नाही."

असं सगळं सुखात चाललं होतं. अडचण होती शेजारच्या पंख्याची.

शेजारी म्हणजे गणपतराव, कॉलनीचे अध्यक्ष. कोराडी रोडवरच्या त्या एकशेबारा घरांच्या कॉलनीत गणपतराव वीस वर्षं अध्यक्ष होते, कारण दुसरं कोणी सभेला येतच नसे. श्रावणातल्या सभेत ते उभे राहिले.

"यायची भट्टी लागली की माह्या घरचा पंखा पोटात कळ आल्यावानी फिरते. ही कॉलनी हाये का कारखाना? भट्टी हटवा, नाहीतर आम्ही वीज कंपनीत अर्ज देतो."

"बत्तीस वर्षं तुमच्या पंख्याले वीज मीच पाठवली गा," बाबनराव म्हणाले. "आता दोन घोट मी पेतो तं तुमाले काहून जड जाते?"

सभा हसली. गणपतराव हसले नाहीत, पण अध्यक्ष होते, डोकं चालवणारे होते. त्यांनी तोड काढली. कॉलनीच्या मधोमध त्यांनी स्वतःच्या हाताने आपट्याचं झाड लावलं होतं, त्याला या दसऱ्याला तीस वर्षं होत होती. दर दसऱ्याला अख्खी कॉलनी त्याच झाडाची पानं तोडून एकमेकांना सोनं म्हणून देई, आणि पहिलं पान गणपतरावांच्या हातात पडे. तर बाबनरावांनी त्या झाडाच्या पानाची एक मोठी काच करावी. खाली लिहावं, 'आपटा, सुवर्णवृक्ष. रोपण: गणपतराव.' दसऱ्याला तिचं उद्घाटन होईल. काच चांगली झाली तर भट्टी राहील, नाही तर भंगारात जाईल.

"अन् अक्षरं मोठी पायजे," गणपतराव म्हणाले. "माह्या नावाची."

बाबनराव त्या रात्री नीट जेवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भट्टीला कोणी काम सांगितलं होतं, आणि त्याच कामावर तिचा जीव होता.

त्यांनी झाडाचं चांगलं तळहाताएवढं पान तोडलं, वाळवलं, भाजलं. दुसऱ्या दिवशी सांजेला दार उघडलं आणि काच खिडकीच्या उजेडात धरली. पान असं उतरलं होतं की बाबनराव काच खाली ठेवायला विसरले. पांढुरकी राख, मधली खाच, देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा. त्यांचे वडील उमरेडला मागावर बसत, आणि कापडावर भिंग ठेवून इंचातले धागे मोजत. ते भिंग बाबनरावांकडे होतं. सवयीने त्यांनी ते काचेवर ठेवलं आणि शिरा मोजल्या. तेरा.

तेरा कशा? लहानपणी दसऱ्याला आजोबा शेताच्या बांधावरून आपटा आणत, तो त्यांना पुसट आठवत होता. लहान पान, जाड, खरबरीत, मुलाच्या मुठीत मावणारं. हे पान तर अख्ख्या तळहाताएवढं. पण आपण मागाच्या खोलीत वाढलेलं पोर, झाडांतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्यांनी सकाळची वाट पाहिली.

सकाळी बायजाबाई आली. ती जवळच्या खेड्यातून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येई आणि कॉलनीतल्या प्रत्येक बाईला तिच्या स्वयंपाकातली चूक सांगून जाई. बाबनरावांनी तिच्यासमोर काच धरली.

"हे कशाचं पान होय, सांग बरं."

बायजाबाईने नजर टाकली न टाकली. "कांचन होय. याच्या कळ्याची भाजी करतो आम्ही. पानं बकऱ्यायले टाकतो."

"आपटा नोहे?"

"आपटा?" ती पाटी खाली ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता पाटीवरच टेकली. "बाबूजी, तुमच्या त्या मधल्या झाडाचं होय का हे? फागुनात गुलाबी फुलं येते त्याले. आपट्याले गुलाबी फुलं कधी पाह्यली तुमी? मले वाटे, शहरातल्या लोकायले माहीत असन, गंमत म्हणून करत असतीन."

"मंग तू सांगितलं काहून नाही?"

"कोणी विचारलं?"

रुख्माबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे तीस वर्षं आम्ही भाजी वाटून राहिलो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बायजाबाईने पाटीत भेंडीवर ठेवून आपल्या बांधावरचा खरा आपटा आणला. छोटं, जाड, मुठीत मावणारं पान. बाबनरावांनी शिरा मोजल्या. नऊ. वडिलांच्या भिंगाखालून आजोबांचा बांध दिसावा तसं त्यांना झालं.

आता काय करायचं? रुख्माबाईंचं उत्तर तयार होतं. "आपटा लिहा अन् मोकळे व्हा. पान काय बोलून राहिलं? एकशेबारा घरात एकाले माहीत नाही, अन् बायजाबाईले कोणी विचारत नाही."

"तेच तं," बाबनराव म्हणाले. "बॉयलरचा काटा जे दाखवे, तेच आम्ही वहीत लिहू. चढवून लिहिलं तरी मरण, उतरवून लिहिलं तरी मरण."

"इथं कोण मरते?"

"भट्टी मरते. पण खोटं लिहून वाचली तं मंग तिच्यात काय भाजू? पापड?"

"तेवढं तरी कामाचं होईन," रुख्माबाई म्हणाल्या.

तरी बाबनराव आधी गणपतरावांकडे गेले, कारण माणसाला अडवून खाली पाडण्यात त्यांना रस नव्हता. गणपतराव झोपाळ्यावर बसून उद्घाटनाचं भाषण पाठ करत होते.

"गणपतराव, त्या झाडाबद्दल जरा बोलायचं होतं."

"अक्षरं मोठी हायेत ना?"

"अक्षरं होतीन. पण ते झाड..."

"बाबनराव, ते झाड मी लावलं तवा इथं ढोरं चरत होती. बादलीनं पाणी घातलं मी. त्या झाडाबद्दल तुमी मले सांगसान?" गणपतराव झोपाळा हलवायला लागले. "तुमी फक्त काच पाहा. मी झाड पाहतो."

बाबनराव उठले. सांगायला गेलो होतो, एवढं त्यांच्या मनाने नोंदवलं आणि पाय हलके झाले.

त्या शेवटच्या भाजणीला त्यांनी जेवढा जीव लावला, तेवढा कशालाच लावला नव्हता. मोठी काच घेतली. डाव्या बाजूला कॉलनीचं पान, उजव्या बाजूला बायजाबाईचं. निळ्या बाटलीच्या काचेची पूड डिंकात कालवून ब्रशने अक्षरं काढली. वर दुसरी काच ठेवली, दार लावलं, कळ दाबली. दाराच्या भोकातून आतली लाली पाहत बसले. कोराडीच्या बॉयलरला पण असंच भोक होतं, आणि आत अशीच लाली. फरक एवढाच की तिथे डोंगराएवढा कोळसा जळून शेवटी नुसती राख उरे, आणि इथे एक पान जळून पान उरत होतं. भिंतीपलीकडे गणपतरावांचा पंखा कळवळला. "लागली पाहा याची," असा आवाज आला.

दसऱ्याला झाडाच्या ओट्याभोवती कॉलनी जमली. काचेवर रुख्माबाईंची जुनी हिरवी साडी टाकली होती. गणपतरावांनी पांढरा सदरा घातला होता, खिशाला फूल लावलं होतं. त्यांनी भाषणातलं अर्धं आधी म्हणून टाकलं, मग साडी ओढली आणि सवयीप्रमाणे जे लिहिलं होतं ते मोठ्याने वाचलं.

"हे कॉलनीचं झाड, कांचन. हा आपटा, वेगळं झाड. रोपण..."

स्वतःच्या नावाशी येऊन ते थांबले. नाव फार मोठ्या अक्षरांत होतं.

एकशेबारा घरांतली माणसं हातातल्या पानाकडे पाहत होती, मग काचेतल्या दोन पानांकडे, मग परत हातातल्याकडे. मागून बायजाबाई मोठ्याने म्हणाली, "भाजी चांगली होते त्याची." रुख्माबाई जमिनीकडे पाहत राहिल्या. बाबनरावांना भंगारवाल्याच्या हातगाडीची घंटा स्वच्छ ऐकू आली, तो त्या दिवशी गल्लीत नसूनसुद्धा.

गणपतरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. काच निवताना जशी रंग बदलते, त्याच्या उलट. पण वीस वर्षं अध्यक्ष राहिलेला माणूस उगीच राहत नाही. त्यांनी घसा खाकरला.

"बंधूंनो," ते म्हणाले, "हे आज उघड करायचं मीच बाबनरावांना सांगितलं होतं."

बाबनरावांनी मान वर केली.

"दर दसऱ्याला लोक आपट्याची झाडं ओरबाडून बोडकी करतात. हे मी तीस वर्षांपूर्वी ओळखलं. म्हणून मी मुद्दाम कांचन लावला. तीस वर्षांत आपल्या कॉलनीने आपट्याचं एक पान तोडलं नाही. एक पान नाही." त्यांचा आवाज भरून आला. खरंच भरून आला होता, कारण आतापर्यंत त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता. "दुसऱ्या कोणत्या कॉलनीने हे केलं, सांगा मले."

आधी एक टाळी वाजली, मग सगळ्या. एक जण म्हणाला की त्याला आधीपासूनच वाटत होतं. आणखी तिघांना वाटत होतं.

"अन् पुढच्या वर्षीपासून," गणपतराव टाळ्यांच्या वरून म्हणाले, "कांचनही तोडायचा नाही. बाबनराव आपल्या भट्टीत प्रत्येक घरासाठी काचेचं पान करतीन. एकशेबारा पानं. भट्टी आता कॉलनीची शान हाये." मग ते ओट्यावरून उतरले, बाबनरावांच्या तळहातावर कांचनाचं पान ठेवलं आणि कानाशी म्हणाले, "अक्षरं सांगितल्यापेक्षा जास्तच मोठी काढली गा तुमी."

"सोन्यासारखे राहा," बाबनराव म्हणाले. दोघांपैकी कोणीच हसलं नाही, पण त्यासाठी दोघांनाही कष्ट पडले.

घरी येताना रुख्माबाईंनी साडीची घडी केली. "भट्टी वाचली," त्या म्हणाल्या. "तुमी मेले. एकेका भाजणीत तीन पानं बसते तुमची. एकशेबाराले किती भाजण्या होते, मोजा आता त्या भिंगानं."

बाबनराव मोजत नव्हते. खरा आपटा आता कुठून, किती आणायचा, आणि बायजाबाईच्या बांधावरचं झाड न ओरबाडता पडलेलीच पानं कशी वेचायची, याचा ते विचार करत होते. दिवाळीनंतर कामाला लागले.

आता त्यांची भट्टी लागली की भिंतीपलीकडे पंखा पोटात कळ आल्यासारखा फिरतो. गणपतरावांकडे पाहुणे बसलेले असले तर ते घाम पुसत वर पाहतात आणि विचारतात, व्होल्टेज कमी आहे का. गणपतराव झोपाळ्यावर मागे रेलतात.

"व्होल्टेज बरोबर हाये," ते म्हणतात. "बाबनराव पानं भाजून राहिले. बसा, अजून बराच वेळ पंखा असाच फिरन."