भुतांची वेळ तीन ते साडेपाच

आमच्या मंठ्याच्या शाळेत हॅलोविन आलं ते मॅडमच्या सुटकेसमधून. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीपायी इकडं आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. त्यांची मुलगी अमेरिकेत असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडं राहून आल्या, तेव्हा येताना चॉकलेटं, एक प्लास्टिकचा सांगाडा आणि एक कल्पना घेऊन आल्या. चॉकलेटं स्टाफरूममध्ये एका दिवसात संपली. सांगाडा विज्ञानाच्या सरांनी मागून घेतला. कल्पना माझ्या वाट्याला आली.

"तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी शाळा, चर्च आणि कॉलनी मिळून भुतांचा कार्निव्हल करतात," मॅडम मुलीनं पाठवलेले फोटो मोबाईलवर दाखवत म्हणाल्या. "आपल्याकडे शाळा आहे, मागच्या भिंतीला लागून चर्च आहे, समोर कॉलनी आहे. अडचण काय आहे?"

अडचण सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्यांनी कागदावर 'प्रमुख' असं लिहून पुढं माझं नाव घातलं होतं. मी मराठी शिकवते आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक बसवते. जी बाई पोरांना झाड, नदी आणि पोलीस बनवते तिला भूत बनवणं अवघड जाऊ नये, असा त्यांचा हिशोब.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, म्हणून ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार मोकळा सापडला. वेळेचा मात्र घोळ झाला. मॅडमना अंधार पडल्यावरचा कार्यक्रम हवा होता. पण आमची निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून जीपनं येतात, आणि जीपवाले सहाच्या पुढं थांबत नाहीत. शेवटी मी फळ्यावर सूचना लिहिली : 'भुतांची वेळ दुपारी तीन ते साडेपाच. भुतांनी पाण्याची बाटली सोबत आणावी.'

पहिली बैठक आमच्याच वर्गात भरली. चर्चकडून पाळकसाहेब आले. उंचपुरे, पोट सुटलेले, बोलणं अतिशय मऊ. कॉलनीकडून एसटीतून रिटायर झालेले कंडक्टरकाका आले आणि त्यांच्याबरोबर काकू आल्या. काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, पण कॉलनीतलं काहीही त्यांच्याशिवाय होत नाही.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. भुतं, चेटकिणी, कोरलेले भोपळे, दारोदार जाऊन खाऊ मागणं.

काकूंनी पदर सावरला. "मॅडम, मी बोलू का? आत्ता तर पितरं जेवून गेली. त्यांना जाऊन चार दिस न्हाई झाले, अन् तुम्ही परत बोलावून राह्यल्या?"

"ही पितरं नाहीत हो, ही भुतं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मंग तर बिलकुलच नको."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "माझीही थोडी अडचण आहे. गेल्याच रविवारी मी मंडळीला सांगितलं, भुताखेतांवर विश्वास ठेवू नका. आता मीच त्यांना भुतं बघायला या कसं म्हणू?"

"इश्वास ठेवायला कुठं सांगतोय," कंडक्टरकाका म्हणाले. "नुसतं बघायचं. मी पस्तीस वर्सं एसटीचं टाईमटेबल बघितलं. इश्वास कधी ठेवला न्हाई."

यावर पाळकसाहेब हसले, आणि तिथं तडजोड झाली. चर्चकडं बिनभुताचे खेळ : रिंग टाकणं, फुगे फोडणं, लिंबू-चमचा. शिवाय चर्चचा माईक आणि सतरंज्या. कॉलनीकडं खाऊ. शाळेकडं भुतं. सातवी ब च्या वर्गात भुताचं घर करायचं ठरलं, आणि मुख्य भुताचं काम कंडक्टरकाकांनी स्वतःहून मागून घेतलं.

कपड्यांसाठी मी बाजारातल्या टेलर चाचांकडं गेले. आमच्या शाळेचा युनिफॉर्म तेच शिवतात, त्यामुळं पोरांची मापं त्यांना पाठ. मी म्हटलं, "चाचा, पांढरे झगे हवेत. साधे. वरून खाली नुसतं कापड."

चाचांनी मशीन थांबवलं. "कशासाठी, बाई?"

"पोरांना भूत करायचंय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग हळूच म्हणाले, "बाई, बिना सिलाईचा सफेद कपडा म्हंजे कफन. लेकरांच्या अंगावर कफन मी न्हाई चढवणार. अल्ला त्यांना सलामत ठेवो. कॉलर लावतो, बटन लावतो, मंग बराबर."

माझ्या मनात ते आलंच नव्हतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "लावा कॉलर," मी म्हटलं.

"अन् खिसा?"

"भुताला खिसा कशाला?"

"वा! चॉकलेट मिळंल ते कुठं ठेवणार?"

आठ दिवसांनी गठ्ठा आला. पांढरेशुभ्र झगे, कडक कॉलर, पाच बटणं, छातीवर एक खिसा आणि बाजूला दोन. पोरांना घालून मैदानात उभं केलं, तर पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहिलेले उमेदवार एका जागी जमल्यासारखे दिसायला लागले. मॅडम म्हणाल्या, "हे घाबरवणारं नाहीये." मी म्हटलं, "मॅडम, बघणाऱ्यावर आहे."

भोपळ्यांचा गोंधळ मात्र सर्वस्वी माझा. मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मोठे भोपळे'. पाचवीतल्या एका मुलीचे वडील शेतकरी, भाजीपाला करतात. मी त्यांना फोनवर चिठ्ठी जशीच्या तशी वाचून दाखवली. आता, पुण्यात भोपळा म्हटलं की लाल, गोल, गरगरीत डोळ्यांपुढं येतो. आमच्याकडं त्याला डांगर म्हणतात. आमच्याकडं नुसतं भोपळा म्हटलं तर दुधी. हे मला जन्मापासून ठाऊक आहे, आणि तरी फोनवर माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी ते पोत्यांत भरून हातभर लांबीचे हिरवे दुधी घेऊन आले. "बाई, सगळ्यात मोठे निवडून आणले," असं इतक्या अभिमानानं म्हणाले, की मी निमूट पोती उतरवून घेतली. मॅडमनी एक दुधी उचलला, उभा धरला, आडवा धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"याच्यात दिवा कुठं ठेवायचा?"

"दिवसा दिवा लागतोच कुठं, मॅडम," मी म्हटलं.

आम्ही चौघी शिक्षिका दुध्यांना डोळे आणि दात कोरायला बसलो. लांबट चेहरा, बारके डोळे, खाली ओघळलेलं तोंड. बारा वाजेपर्यंत उन्हानं ते सुकायला लागले, कापलेल्या जागा तपकिरी पडल्या. फाटकापासून वर्गापर्यंत ओळीनं मांडले, तर शाळा तपासणीला आलेल्या साहेबलोकांनी रांग धरल्यासारखं वाटलं. कोरून निघालेला गर काकूंनी वाया जाऊ दिला नाही. मोठ्या पातेल्यात घालून हलवा करायला घेतला.

तीन वाजता ऊन चांगलं तापलेलं असताना कार्निव्हल सुरू झाला. आधी पोरं कॉलनीत खाऊ मागायला गेली. तिथं म्हणायचं वाक्य मी मराठीत करून दिलं होतं : 'खाऊ द्या, न्हाईतर खोडी करू!' पहिलंच दार काकूंचं. पोरांनी एका सुरात वाक्य म्हटलं. काकू बाहेर आल्या, त्यांनी सगळ्यांना नीट बघितलं आणि म्हणाल्या, "खोडी करा की. बघू कशी करता."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. खोडी कुठली करायची हे मी शिकवलंच नव्हतं. शेवटी एका चिमुकल्या भुतानं विचारलं, "काकू, खोडी न्हाई केली तर चालंल का?"

"चालंल," म्हणून काकूंनी त्याच्या तिन्ही खिशांत शेंगदाण्याचे लाडू भरले. मग मला म्हणाल्या, "आम्ही लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणत असंच घरोघरी जायचो, बाई. खिरापत काय हाय ते वळखायचं अन् खायचं. फकस्त असे पांढरे झगे घालून डाक्टर होऊन न्हाई जायचो." त्या दिवसापुरता त्यांचा भुतांवरचा राग तिथं संपला. चाचांच्या खिशांची मला तेव्हा पहिल्यांदा किंमत कळली.

तिकडं भुताच्या घरासमोर रांग लागली होती. सातवी ब च्या खिडक्यांना आम्ही चर्चमधून आणलेल्या सतरंज्या टांगल्या होत्या, त्यामुळं आत बऱ्यापैकी अंधार. पहिली टोळी आत गेली. आम्ही किंकाळ्यांची वाट बघत बाहेर उभ्या. आतून आवाज आला तो कंडक्टरकाकांचा : "चला, पुढं सरका, पुढं सरका! दारात गर्दी करू नका! मागं जागा हाय!"

पोरं हसत बाहेर आली. दुसरी टोळी गेली, तीही हसत आली. मॅडम तडक आत शिरल्या. "काका, अहो तुम्ही भूत आहात!"

"हो, पण शिस्त नको का? एक लेकरू बेंचाला धडकता धडकता वाचलं."

मॅडमनी त्यांना ओरडून दाखवायला सांगितलं. काकांनी मनापासून ओरडून दाखवलं. एकदा, दोनदा, दहादा. बंद वर्ग, ऑक्टोबरातलं ऊन, वर कडक कॉलर. पाऊण तासात त्यांचा घसा बसला आणि ते बाहेर पायरीवर येऊन खुणेनंच पाणी मागायला लागले. रांगेत अजून चाळीसेक पोरं उभी. दार ढकलणं सुरू झालं.

मी आजूबाजूला बघितलं. मोकळे असे एकटे पाळकसाहेब दिसले. त्यांच्या स्टॉलवरचे फुगे संपले होते. मी जाऊन हात जोडले. "साहेब, पाच मिनिटं. नुसतं आत उभं राहायचं."

ते मागं सरकले. "नको हो, बाई. मंडळी काय म्हणतील?"

"तोंड झाकलेलं असेल. कुणाला कळणार नाही."

त्यांनी चर्चकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, आणि काकांचा झगा घेऊन आत गेले. झगा पोटावर बसेना, वरची तीन बटणं तेवढी लागली. तोंडावर मी माझी ओढणी टाकली.

पोरं आत गेली. मी दाराशीच होते. पाळकसाहेब काहीच ओरडले नाहीत. प्रार्थनेला सवयीनं लावतात तो खोल, मऊ, सावकाश आवाज त्यांनी लावला आणि कोपऱ्यातून म्हणाले, "ये... बाळा... घाबरू नकोस... मी तुझं नाव ओळखतो..."

आणि खरोखरच नावं घ्यायला लागले. चर्च शाळेला लागूनच, रोज येता-जाता भेटणारी पोरं ती, त्यांना सगळ्यांची नावं माहीत.

अशी किंकाळी मी शाळेत कधी ऐकली नव्हती. सतरंजी खाली आली, बाक उलटला, आणि आतली सगळी भुतं दार फोडून बाहेर पडली. ती पळाली ती मागच्या भिंतीतल्या छोट्या फाटकातून, जे पहिलं उघडं दार दिसलं तिकडं, म्हणजे थेट चर्चमध्ये. रांगेतली पोरंही काही न बघता त्यांच्या मागं. मी धापा टाकत पोचले, तर पुढच्या बाकांपर्यंत पांढऱ्या झग्यांची दाटी; काही बाकांखाली, काही हात जोडून बसलेली. त्यात हिंदूंची होती, मुसलमानांची होती, चाचांचा स्वतःचा नातूही होता.

मी त्यांना समजावत होते तेवढ्यात पाळकसाहेब काळजीनं धावत आले, घाईत तसेच, झग्यात, तोंडावर ओढणी. "अरे लेकरांनो, घाबरू नका!" असं म्हणाले, तेही त्याच आवाजात. परत किंकाळी.

काकू हलव्याचं पातेलं तसंच ठेवून धावत आल्या. त्यांनी पुढं होऊन ओढणी ओढली. "अगं बया! हे तर आपले पाळकसाहेब!"

घामानं निथळलेला, गोंधळलेला तो ओळखीचा चेहरा बघून किंकाळी थांबली. मग बाकाखालून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसणं थांबेचना. मीसुद्धा भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होते. आई-बाप घ्यायला आले तेव्हा पोरं चर्चच्या पायऱ्यांवर ओळीनं बसून हलवा खात होती, आणि आपण किती घाबरलो नाही हे एकमेकांना सांगत होती.

मला वाटलं, पाळकसाहेब आता रागावले असतील. मी हलव्याची वाटी घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले आणि माफी मागितली. ते झग्याची बटणं सोडत होते. तिसरं बटण निघेना.

"माफी कशाची, बाई?" ते म्हणाले. "मी घनसावंगीकडच्या एका खेड्यात वाढलो. दर वर्षी नाताळचं नाटक व्हायचं. मला दर वर्षी मेंढराचं काम. सात वर्षं मेंढरू. एक शब्द बोलायला नसायचा, नुसतं गुडघ्यावर उभं राहायचं. आज पहिल्यांदा बोलायचं काम मिळालं."

फाटकाशी जीपवाले हॉर्न वाजवायला लागले होते. मी वाटी त्यांच्या हातात देऊन उठायला लागले, तसं त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. जास्त झालं का?"

"थोडंसं जास्त झालं," मी म्हटलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि इतके प्रसन्न हसले, की मला सात वर्षं न बोलता राहिलेलं ते मेंढरू समोर दिसलं.